एर्न्स्ट आबे : चांगल्या काचेमागचा माणूस



दुकानात दोन दुर्बिणी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. दोन्ही काळ्या, दोन्ही जवळपास सारख्याच लांबीच्या. एकीची किंमत मात्र दुसरीच्या दहापट. दुकानदाराला विचारलं तर तो एवढंच सांगतो की हिची काच भारी आहे. आता काच म्हणजे काच! तिच्यात भारी आणि हलकी असं काय असतं?

युरोप-अमेरिकेत शिकार करणाऱ्या लोकांमध्ये हा वाद नेहमीचा आहे. रायफलवर एक लांबट दुर्बीण बसवतात, तिला रायफल स्कोप म्हणतात. त्या स्कोपमध्ये महागडी काच खरंच उपयोगाची असते, की आपण नुसत्या नावाचे पैसे मोजतो? आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला थेट पडत नाही. पण पक्षी बघायची दुर्बीण, प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक, मोबाइलचा कॅमेरा या सगळ्यांत भिंगं असतातच. म्हणून प्रश्न आपलाही आहे.

या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या आयुष्यभराच्या कामातून मिळतं, त्या जर्मन शास्त्रज्ञाची ओळख आज करून घेऊ. त्यांचं नाव एर्न्स्ट आबे.

गिरणी कामगाराचा मुलगा

एर्न्स्ट आबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतल्या आयझेनाख या गावी झाला. वडील सूतगिरणीत कामाला होते. त्या काळी कामाच्या तासांना काही धरबंधच नव्हता. पहाटे पाचला गिरणीत जायचं आणि रात्री सात-आठ-नऊ वाजता घरी यायचं. चौदा ते सोळा तास उभ्याने काम, आणि मधल्या जेवणाची सुट्टीसुद्धा नाही.

छोटा एर्न्स्ट वडिलांचं जेवण घेऊन गिरणीत जायचा. वडील यंत्राला टेकून उभ्या उभ्याच घाईघाईने जेवायचे, रिकामं भांडं मुलाच्या हातात द्यायचे आणि लगेच कामाला लागायचे. वडील मूळचे धिप्पाड आणि काटक. पण पन्नाशी गाठण्याआधीच ते अगदी म्हातारे दिसू लागले. पाच-सहा वर्षांच्या मुलाने पाहिलेलं हे दृश्य पुढे प्राध्यापक झाल्यावरही, कारखान्याचा मालक झाल्यावरही त्याच्या मनातून गेलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण या गोष्टीच्या शेवटी ते पुन्हा लागणार आहे.

मुलगा हुशार आहे हे पाहून गिरणीच्या मालकाने त्याच्या शिक्षणाला मदत केली. शिकवण्या घेऊन एर्न्स्टने स्वतःही थोडे पैसे जोडले. १८५७ मध्ये तो येना येथील विद्यापीठात दाखल झाला आणि तिथून गॉटिंगेनला गेला. थोर गणिती रीमान आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर हे तिथे त्याचे शिक्षक होते. १८६१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने डॉक्टरेट मिळवली. १८६३ पासून आबे येनाच्या विद्यापीठात शिकवू लागले.

झाइस यांची कार्यशाळा

येना गावातच कार्ल झाइस नावाचे एक कारागीर होते. १८४६ मध्ये त्यांनी उपकरणं बनवण्याची छोटी कार्यशाळा काढली होती. त्यांचे सूक्ष्मदर्शक चांगले असत. पण एक गोष्ट त्यांना फार खटकत होती.

त्या काळी सूक्ष्मदर्शक ठोकताळ्याने बनत. कारागीर भिंगं घासायचे, नळीत बसवायचे, डोळा लावून बघायचे. प्रतिमा चांगली आली तर ठीक, नाहीतर भिंग काढून दुसरं बसवायचं, अंतर कमी-जास्त करायचं. असं करत करत एखादं वस्तुभिंग फार छान जमायचं. पण तसंच दुसरं बनवता येईल याची खात्री कुणालाच नसायची. आपल्याकडे एखादी आजी अंदाजाने मीठ घालते आणि भाजी उत्तम होते, पण सुनेने प्रमाण विचारलं तर तिला सांगता येत नाही, तसंच काहीसं.

झाइस यांचं म्हणणं असं की आधी कागदावर गणित व्हावं, मग त्या मापाने भिंग घासावं आणि ते पहिल्याच फटक्यात जमावं. हे त्यांना स्वतःला करता येत नव्हतं. म्हणून १८६६ मध्ये ते विद्यापीठातल्या तरुण आबे यांच्याकडे गेले.

गणित बरोबर, पण भिंग वाईट

आबे कामाला लागले. प्रकाशाचा किरण काचेत शिरताना किती वळेल, बाहेर पडताना किती वळेल, याचा त्यांनी बारकाईने हिशेब केला. त्या मापांनी भिंगं तयार झाली. आणि ती जुन्या, ठोकताळ्याने बनवलेल्या भिंगांपेक्षा वाईट निघाली!

विचार करा, केवढी निराशा झाली असेल. झाइस यांचा पैसा गेला, वेळ गेला. कुणीही म्हटलं असतं की हे पुस्तकी काम सोडा आणि पूर्वीसारखंच चालू द्या. पण झाइस यांनी धीर सोडला नाही आणि आबे यांनी कारण शोधायचं ठरवलं.

कारण सापडलं ते असं. प्रतिमा स्वच्छ यावी म्हणून आबे यांनी भिंगात शिरणारा प्रकाशाचा झोत अरुंद ठेवला होता. तेव्हा सगळ्यांचीच समजूत तशी होती. पण अगदी बारीक वस्तूवरून जाताना प्रकाश पसरतो. यालाच आपण विवर्तन म्हणतो. तो पसरलेला प्रकाश भिंगाने गोळा केला नाही तर वस्तूचे बारकावे प्रतिमेत येतच नाहीत. म्हणजे भिंगाने जास्तीत जास्त रुंद कोनातून प्रकाश घ्यायला हवा.

१८७२ पर्यंत झाइस यांच्याकडची सगळी वस्तुभिंगं आबे यांच्या गणितानुसार बनू लागली. १८७३ मध्ये आबे यांनी आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. साधा सूक्ष्मदर्शक कितीही सुधारला तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक अंतर त्यातून वेगळं दिसणार नाही, अशी मर्यादा त्यांनी दाखवून दिली. येना येथील त्यांच्या स्मारकावर हे सूत्र कोरलेलं आहे.

या कामाचा उपयोग किती मोठा झाला बघा. रॉबर्ट कॉख यांनी आबे यांच्या रचनेची प्रकाशयोजना आणि भिंगं वापरून जंतूंचा अभ्यास केला. १८८२ मध्ये त्यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. पुढे १८८३ च्या डिसेंबरमध्ये पटकीच्या जंतूचा माग काढत ते आपल्या कोलकात्यालाही आले होते.

१८७६ मध्ये झाइस यांनी आबे यांना धंद्यात भागीदार करून घेतलं. पुढे बर्लिनला मोठ्या पदावर बोलावणं आलं, तरी आबे येना सोडून गेले नाहीत.

आता काच आडवी आली

गणित जमलं, कारागीर तयार झाले, तरी एक अडचण उरलीच. ती काचेची होती.

एक सोपा प्रयोग करा. पांढऱ्या कागदावर जाड काळी रेघ काढा आणि साध्या भिंगाच्या कडेच्या भागातून ती बघा. रेघेच्या काठावर निळसर किंवा तांबूस झालर दिसेल. (भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही बघू नका.) काच निळ्या प्रकाशाला जास्त वळवते, तांबड्याला कमी. म्हणून सगळे रंग एकाच जागी गोळा होत नाहीत आणि प्रतिमेला रंगाची कड येते. लोलकातून सप्तरंग दिसतात तेही याच कारणाने. याला अपस्करण म्हणतात.

यावर एक जुना उपाय होता. दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडायची. एक क्राउन काचेचं, दुसरं शिशाचं प्रमाण असलेल्या फ्लिंट काचेचं. एकाने केलेली रंगांची फाकाफाक दुसरं बरीचशी मिटवतं. पण पूर्ण नाही. थोडी कड उरतेच. ती घालवायची तर वेगळ्याच गुणांची काच हवी, आणि तशी काच जगात कुणी बनवतच नव्हतं. काच बनवणारे भट्टीवाले खिडक्या आणि पेले यांवर खूश होते.

कोणती काच किती रंग फाकवते हे मोजण्यासाठी आज एक संख्या वापरतात. तिला आबे यांचंच नाव आहे : आबे संख्या. ही संख्या जितकी मोठी, तितकी रंगांची फाकाफाक कमी. नेहमीच्या क्राउन काचेची आबे संख्या साधारण ६४ आणि फ्लिंट काचेची ३६ च्या आसपास असते. फ्लोराइट नावाचं खनिज मात्र ९५ पर्यंत जातं. म्हणजे काच भारी की हलकी हे नावावरून ठरवायची गरजच नाही, ते मोजता येतं.

१८७६ मध्ये लंडनला वैज्ञानिक उपकरणांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते पाहून आबे यांनी अहवाल लिहिला. सूक्ष्मदर्शकाची पुढची प्रगती आता काच बनवणाऱ्यांच्या हातात आहे, असं त्यांनी त्यात स्पष्ट मांडलं.

ऑटो शॉट यांची भट्टी

हा अहवाल एका तरुणाच्या वाचनात आला. ऑटो शॉट त्याचं नाव. घराणं काच बनवणारं आणि शिक्षण रसायनशास्त्राचं. १८७९ मध्ये त्याने आबे यांना पत्र लिहिलं आणि लिथियम घालून बनवलेल्या काचेचा नमुना पाठवला. त्या नमुन्याने काम भागलं नाही. पण आबे यांनी काच मोजून तिचे गुण-दोष कळवले. शॉटने पुन्हा नवी काच बनवली. आबे यांनी पुन्हा मोजली. असं वर्षानुवर्षं चाललं.

१८८२ मध्ये शॉट येनाला राहायला आले. १८८४ मध्ये शॉट, आबे, कार्ल झाइस आणि झाइस यांचे चिरंजीव रोडरिख यांनी मिळून काचेची प्रयोगशाळा उघडली. बोरॉन, फॉस्फरस, बेरियम अशी निरनिराळी द्रव्यं काचेत घालून पाहिली. वितळलेली काच फार सावकाश थंड केली, म्हणजे तिच्यात ताण राहत नाही. १८८६ मध्ये त्यांनी ४४ प्रकारच्या काचांची यादी छापली. त्यातल्या कितीतरी काचा तोपर्यंत जगात नव्हत्याच.

त्याच वर्षी आबे यांची नवी वस्तुभिंगं बाजारात आली. त्यांत रंगाची कड जवळजवळ नाहीशी झाली होती. त्यासाठी नव्या काचांच्या जोडीला नैसर्गिक फ्लोराइटही वापरलं होतं. प्रयोगशाळेत आपण वापरतो त्या, तापवली तरी न तडकणाऱ्या बोरोसिलिकेट काचेचा उगमही शॉट यांच्याच कामात आहे.

मग रायफलच्या दुर्बिणीत काचेने काय फरक पडतो?

१८९० च्या दशकात झाइस कारखान्याने आबे यांच्या रचनेची, लोलक असलेली जोड-दुर्बीण आणली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तिथून शिकारीच्या रायफलवरच्या दुर्बिणीही बाहेर पडू लागल्या. आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ.

जर्मनीत शिकारी बहुधा मचाणावर बसतो. रानडुक्कर, हरिण हे प्राणी पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला बाहेर येतात. म्हणजे प्रकाश कमी असतानाच नेमकं बघायचं असतं. समोर नर आहे की पिल्लाची आई, मागे दुसरं जनावर किंवा माणूस आहे का, हे नीट दिसलं नाही तर चुकीच्या जिवावर गोळी जाते किंवा जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहतं. म्हणून प्रश्न नुसत्या पैशाचा नाही, जिवाचा आहे.

आता थोडं गणित करू. काचेच्या साध्या पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये पाच भिंगं सुटी बसवली असतील तर दहा पृष्ठभाग झाले. ०.९६ ला दहा वेळा गुणा. १०० भागांपैकी जेमतेम ६६ भाग डोळ्यापर्यंत पोचतात. काच कितीही भारी असली तरी हे नुकसान होणारच. त्यावरचा उपाय आबे यांच्यानंतर आला. १९३५ मध्ये झाइस कारखान्यातले शास्त्रज्ञ स्माकुला यांनी भिंगावर अतिशय पातळ थर देऊन परावर्तन कमी करण्याची रीत काढली. प्रत्येक पृष्ठभागावरचं नुकसान अर्ध्या टक्क्यावर आलं, तर शंभरातले ९५ भाग पोचतात. म्हणजे संध्याकाळच्या वेळी काचेइतकाच, किंबहुना जास्तच, हा थर महत्त्वाचा.

दुसरं गणित भिंगाच्या मापाचं. स्कोपवर ८×५६ असं लिहिलेलं असतं. म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५६ मिलिमीटर आहे. ५६ भागिले ८ म्हणजे ७. बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ७ मिलिमीटर रुंद. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. वय वाढलं की ती कमी उघडते. मग त्याहून मोठं भिंग घेऊन उपयोग काय?

आणि रंगाची कड? चार-सहापट मोठं दाखवणाऱ्या स्कोपमध्ये ती फारशी जाणवत नाही. वीस-पंचवीस पट मोठं दाखवणाऱ्यात मात्र ती ठळक दिसते. तिथे कमी अपस्करणाची काच आपली किंमत वसूल करून देते.

याशिवाय स्कोपला गोळीचा धक्का सोसावा लागतो. आतल्या फुलीच्या रेघा धक्क्याने हलल्या तर जगातली सर्वांत चांगली काचही नेम चुकवणार.

तर उत्तर असं : चांगल्या काचेने फरक पडतो, पण एकट्या काचेने नाही. गणित, घासाई, वरचा थर आणि मजबूत बांधणी यांच्या जोडीला ती आली तरच. आबे यांचं गणित बरोबर असूनही काचेवाचून अडलं, आणि शॉट यांची काच मोजमापावाचून आंधळी होती. दोघं एकत्र आले तेव्हा काम झालं. म्हणून जाहिरातीत नुसतं काच भारी असं लिहिलं असेल तर विचारायचं, कशात भारी? किती भारी?

भिंग घासणारे हात

१८८८ मध्ये कार्ल झाइस वारले. आबे आता श्रीमंत झाले होते. सगळा नफा घरात ठेवला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण १८८९ मध्ये त्यांनी कार्ल झाइस यांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केलं, आणि १८९१ मध्ये कारखान्यातला आपला हिस्सा त्याच्या स्वाधीन केला. प्रतिष्ठानाला नावसुद्धा स्वतःचं दिलं नाही.

१८९६ मध्ये त्यांनी प्रतिष्ठानाचे नियम लिहिले. कामगारांना पगारी सुट्टी, निवृत्तिवेतन, नफ्यात वाटा. नोकरी देताना जन्म, धर्म किंवा पक्ष बघायचा नाही. आणि वरच्या अधिकाऱ्याचा पगार कामगारांच्या सरासरी कमाईच्या दहापटीहून जास्त असता कामा नये.

१९०० मध्ये त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. आधी नऊ तास होते. नऊ तासांचं काम आठ तासांत व्हायचं तर दर तासाला साडेबारा टक्के जास्त काम व्हायला हवं. लोकांना वाटलं, कारखाना बुडणार. आबे यांनी इथेही नुसतं मत मांडलं नाही, मोजून बघितलं. नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारांची आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची नोंद त्यांनी ताडून पाहिली. काम कमी झालं नव्हतं, उलट थोडं वाढलं होतं. थकलेला हात भिंग नीट घासू शकत नाही, हे गिरणीतल्या त्या मुलाला लहानपणीच कळलं होतं. आता त्याने ते आकड्यांनी दाखवून दिलं.

येना गावात लोकांसाठी वाचनालय आणि सभागृह असलेली मोठी वास्तूही प्रतिष्ठानाच्या पैशातून उभी राहिली.

अखेर

सततच्या कामाने आबे यांची तब्येत ढासळली. १९०३ मध्ये ते कारखान्याच्या कामातून निवृत्त झाले. १४ जानेवारी १९०५ रोजी येना येथे त्यांचं निधन झालं. पासष्ट वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस कमी होते. त्यांनी उभं केलेलं प्रतिष्ठान आजही आहे आणि भिंगं बनवणाऱ्या जगभरच्या कारखान्यांत रोज आबे संख्या वापरली जाते.

मुलांनो, पुढच्या वेळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावाल तेव्हा त्याच्या भिंगांकडे आधी एकदा नीट बघा. त्यांच्यावर बोटं लावू नका, मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा. त्यांच्यामागे बऱ्याच लोकांचे कष्ट आहेत.

स्वाध्याय

१. झाइस यांच्या कार्यशाळेत आधी सूक्ष्मदर्शक कसे बनत? त्यात काय अडचण होती?
२. आबे यांच्या गणिताने बनलेली पहिली भिंगं वाईट का निघाली?
३. एका स्कोपवर ६×४२ असं लिहिलं आहे. बाहेर पडणाऱ्या झोताची रुंदी किती?
४. प्रत्येक पृष्ठभागावर ४ टक्के प्रकाश परत फिरत असेल, तर सहा पृष्ठभागांतून शंभरपैकी किती भाग पलीकडे जातील? करून बघा.
५. तुमच्या घरातले कोण किती तास काम करतं, याची एका आठवड्याची नोंद ठेवा. आईच्या घरकामाचे तासही मोजायला विसरू नका.